उठन कवा?

आमची मांजर कुणालाच आवडत नव्हती आणि तिलाही कुणी आवडत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण ती गेल्यावर ज्यांनी मला हात जोडल्याच्या इमोजी पाठवल्या, त्यातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी ओरबाडलेलं होतं. उरलेले निम्मे घरी येताना फाटकातूनच ओरडून विचारायचे, "बांधून आहे का ती?" मांजर बांधत नाहीत हे सांगायचा मला कंटाळा यायचा. मी "हो" म्हणायचे आणि पुढे काय होतं ते बघत राहायचे.

तिचं नाव इथे लिहिणार नाही. नावाने हाक मारली तर ती यायची नाही, त्यामुळे त्या नावाचा तसाही फार उपयोग नव्हता. मोठी आई तिला भवानी म्हणायची. मोठी आई म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाची बायको. मोठेबाबा वारल्यापासून ती अमरावतीला आमच्याच घरी, समोरच्या खोलीत राहते. त्या खोलीत कूलर आहे. उन्हाळ्यात घरात माणसाने बसावं अशी एकमेव जागा म्हणजे त्या कूलरसमोरची, आणि तिच्यावरून मांजर आणि मोठी आई यांच्यात दर दुपारी भांडण व्हायचं.

"निघ वं भवानी. तुया बापाचा कूलर आहे काय?"

मांजर कान मागे पाडायची, पण हलायची नाही. शेवटी दोघी एकाच खाटेवर, एकमेकींकडे पाठ करून झोपायच्या.

मोठ्या आईचं माझ्याशीही असंच होतं, फक्त आम्ही एका खाटेवर झोपत नव्हतो. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात सगळे मले-तुले बोलतात आणि मी लहानपणी शाळेतून मला-तुला घेऊन आले, ते तिने अजून माफ केलेलं नाही. मी तोंड उघडलं की ती म्हणायची, "आली पुण्याची मडम." म्हणून मी तोंड कमी उघडायला लागले. मग ती म्हणाली, "पोट्टी घुमी आहे." याच्यावर काही उपाय नव्हता.

मांजरीबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तिच्या पोटाला कुणीही हात लावलेला चालायचा नाही. ती स्वतः कूलरखाली उताणी पडायची, चारी पाय वर, पांढरं पोट उघडं, आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटायचं की हे बोलावणं आहे. ते बोलावणं नव्हतं. हात पोटाला टेकला की चारी पाय मिटायचे आणि हात आत अडकायचा. माझ्या डाव्या मनगटावर असा हात अडकल्याच्या जुन्या रेघा आहेत. बँकेत सही करताना त्या दिसल्या की समोरचा माणूस नजर दुसरीकडे वळवतो. त्याला काहीतरी वेगळंच वाटतं. मी वाटू देते.

उन्हाळा लागता लागता ती पाण्यापाशी बसायला लागली. वाटीतलं पाणी संपलं की बादलीपाशी, बादलीवर झाकण ठेवलं की कूलरच्या टाकीपाशी. प्यायची, थांबायची, पुन्हा प्यायची. अंगावरचं मांस उतरलं. तोंडाला वास यायला लागला, औषधाच्या दुकानातल्या कुठल्यातरी बाटलीसारखा. एके सकाळी दूधवाला फाटकातून आत आला, तिच्या शेपटीजवळून गेला, परत गेला, आणि ती गुरगुरली नाही. तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं.

रक्त तपासलं. किडन्या गेल्या होत्या. काही आठवडे रोज कातडीखाली सलाईन दिलं, ते मीच घरी द्यायला शिकले, आणि त्या काळात तिने मला जे काही केलं ते तिचा हक्क होता. मग तिने खाणं सोडलं. तोंडात फोड आले. डॉक्टर म्हणाले की आता तिला त्रासच आहे.

हे डॉक्टर बहुतेक वेळ बकऱ्या आणि म्हशी बघतात. त्यांच्याकडे बाहेर नेहमी कुणीतरी म्हातारा बकरी पोटाशी धरून बसलेला असतो. मी तिथे जायच्या आधी सगळी वाक्यं मनात म्हणून ठेवायचे. मराठीत माझं असंच होतं. विचार एका भाषेत येतो, घरात दुसरी बोलतात, आणि माझ्या तोंडून तिसरीच निघते.

आणि त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच विचार होता. ती मरणार हे मी मान्य केलं होतं. मला माहीत करून घ्यायचं होतं की तिला काय कळेल. सुई टोचली की जळजळेल का? घाबरेल का? अंग हलत नाही पण आत सगळं समजतंय, असं काही मिनिटं होईल का? याच्याबद्दल मी इंग्रजीत इतकं वाचलं की मला त्या लेखांचा राग यायला लागला. सगळे लेख एकाच सुरात बोलतात. 'पीसफुल' हा शब्द त्यात इतक्या वेळा येतो की तो लिहिणाऱ्याला स्वतःलाच पटलेला नसावा. कुणी लिहितं, ती इंद्रधनुष्याच्या पुलावरून पलीकडे जाईल. आमची मांजर पुलावर गेली असती तर तिथल्या सगळ्यांना खाली ढकलून एकटी बसली असती. मला पूल नको होता. मला फक्त एक उपयोगाची ओळ हवी होती आणि ती एका लेखात सापडली: आधी गाढ झोपेचं इंजेक्शन द्यायचं, ते पूर्ण लागलं की मगच दुसरं. मध्ये खात्री करायची.

मी ती ओळ मराठीत केली आणि डॉक्टरांना म्हटली.

"तिला आधी झोपवाल ना?"

"हाव न," डॉक्टर म्हणाले. "झोपवाचंच आहे तिले. गुरुवारी आना."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना थँक्यू म्हणाले, दोनदा. घरी येताना ऑटोत टोपली मांडीवर होती, आत ती गुरगुरत होती, आणि मला वाटलं, जमलं. मला पाहिजे ते मी एका माणसाकडून मराठीत बोलून मिळवलं.

घरी मोठी आई लसूण सोलत बसली होती. पप्पा पेपर वाचत होते. आई तेव्हा पुण्याला, माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी गेलेली होती, नाहीतर पुढचं सगळं तिने सगळ्यांची तोंडं दाबून मिटवून टाकलं असतं.

"गुरुवारी नेतोय तिला," मी म्हटलं. "झोपवणार आहेत."

"बरं होईन," मोठी आई म्हणाली. "रात रात डोया लागून नाही राहिला तिचा." लसणाची एक पाकळी सोलून तिने वाटीत टाकली. "अन् उठन कवा?"

पप्पांनी पेपरचं पान उलटलं, पण वाचत नव्हते.

"संध्याकायपावतर उठन काय? का रातभर ठिवतीन तिले तिथं?"

"वैनी," पप्पा म्हणाले, "उठत नाई ती मंग. झोपवणार म्हंजे..." आणि त्यांनी हाताने माशी उडवल्यासारखं केलं.

मोठ्या आईने लसणाचं ताट खाली ठेवलं. मला वाटलं ती रडेल. ती रडणारी बाई नाही हे मला माहीत असायला हवं होतं.

"मारून राहिली तं मारून राहिली म्हण न! झोपवते म्हणे. लेकराले झोपवतात लोक." ती माझ्याकडे बघत होती, पप्पांकडे नाही. "जीव द्याले येते काय तुले? मंग घेतं काहून? पाणी पेते, बसते, तिची तिची मरन न ती. तुले काय घाई झाली?"

"तिला त्रास होतोय," मी म्हटलं.

"तिले होते का तुले होते?"

मी म्हटलं की डॉक्टर आधी तिला झोपवतील, मग तिला काही कळणार नाही, ती घाबरणार नाही. मी हे असं म्हटलं जणू मोठी आईच कुठल्यातरी इंग्रजी लेखाखाली प्रश्न विचारत होती.

"झोपवतीन म्हंजे? भूल देतीन?"

"झोपवतील."

"तेच तं इचारून राहिली व माय! झोप वेगयी, भूल वेगयी, मरन वेगयं. गोष्टी तीन अन् शब्द आणला एक. डाक्टरले काय म्हटलं तू?"

मी सांगितलं काय म्हटलं.

"अन् तो काय म्हणे?"

मी तेही सांगितलं. सांगतानाच मला ऐकू आलं. झोपवाचंच आहे तिले. इंग्रजीत जनावर संपवण्याला 'पुट टू स्लीप' म्हणतात. आता आपल्याकडेही डॉक्टर लोक सोज्वळपणे झोपवणं म्हणतात. मी पहिलं इंजेक्शन मागितलं होतं, त्यांनी शेवटचं कबूल केलं होतं, आणि मोठी आई तिसरीच, संध्याकाळी उठायची झोप धरून बसली होती. एकाच शब्दावर तिघांचा होकार झाला होता.

"भूल म्हणतात बाप्पा त्याले," मोठी आई म्हणाली. मग तिने जे सांगितलं ते मला नुसतं कानावरून माहीत होतं. तिची गर्भाची पिशवी काढली तेव्हा पाठीत दिलेली भूल नीट लागली नव्हती. "मले समजत होतं. सारं समजत होतं. हात बांधले होते. तोंडातून आवाज निघे नाही. अन् माया डोक्याशी उभी असलेली नर्स म्हणे, झोपल्या मावशी." तिने ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "लाव फोन."

"गुरुवारी गेल्यावर विचारते."

"लाव."

मला फोनवर बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण आधी पाणी प्यावं लागतं, उभं राहावं लागतं, आणि खोलीत कुणी नसावं लागतं. मी दोघांच्या समोर लावला. तिने स्पीकर चालू करायला लावला.

"डॉक्टर, ते गुरुवारचं. आधी भूल देणार ना?"

"कोनाले?"

"मांजरीला."

ते हसले. वाईट हसणं नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. "मांजरीले काहाची भूल बाई? एकच सुई. जरा हातपाय झाडते, मंग शांत. पोट्टे पकडून ठेवतीन, तुमी बाहेर बसा न. पाहूच नका."

मोठ्या आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"डाक्टरसाहेब, तुमचं ऑपरेशन झालं काय कधी?"

"नाई. काहून?"

"होवो," ती म्हणाली आणि फोन कापला.

त्यानंतर काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं म्हणणं तिला पटलं होतं असं कुणी समजू नये. तिच्या मते मी पाप करत होते आणि वर ते नीट करता येत नव्हतं.

मी शोधत बसले. अमरावतीत आणखी दोन ठिकाणी विचारलं. एकाने "ते काम आम्ही करत नाही" म्हणून सांगितलं, दुसऱ्याने "आणा, बघू" म्हणून. बघू हे मला चालणार नव्हतं. मग अकोल्याच्या एका डॉक्टरीण बाईंचा नंबर मिळाला. त्या फक्त कुत्री-मांजरं बघतात. मी त्यांना मेसेज लिहिला. 'भूल' हा शब्द घातला आणि पाठवायच्या आधी पुन्हा पुन्हा वाचला. त्यांचं उत्तर आवाजात रेकॉर्ड करून आलं. आवाजात गोडवा अजिबात नव्हता.

"दोन इंजेक्शनं देते. पहिलं भुलीचं. ती पूर्ण बेशुद्ध झाली याची खात्री झाल्याशिवाय दुसरं देत नाही, तुम्ही घाई केली तरी नाही. निघायच्या आधी एक कॅप्सूल द्यावी लागेल म्हणजे प्रवासात घाबरणार नाही, त्याची चिठ्ठी पाठवते. आणि दुपारी आणू नका. अकोला आहे हे."

ते मी कानाशी धरून किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. पण यानेही काळजी गेली नाही, फक्त जागा बदलली. आता मला अकोल्यापर्यंतचा रस्ता दिसायला लागला. तिला टोपलीचा राग होता, गाडीचा राग होता, उन्हाचा होता. चांगल्या मरणासाठी तिला आधी दोन-अडीच तास वाईट जगायला लावायचं, हे कशावरून बरं? एका सुईने हातपाय झाडून संपलं असतं ते कमी होतं का? मी हिशेब करत राहिले आणि तो कधीच जुळला नाही. शेवटी मी तिच्या बाजूने विचार करायचं सोडलं. तिच्या मनात काय आहे हे मला कधीच कळलं नव्हतं, आता कुठून कळणार होतं? मी एवढंच ठरवलं की तिला कुणी पकडून ठेवणार नाही. आयुष्यभर तिने ते होऊ दिलं नव्हतं.

पप्पा म्हणाले, "मांजर माराले कोनी अकोल्याले नेते काय? लोक हासतीन."

"लोकांना सांगू नका."

"मी काय सांगतो? गाडी काढताना समोरचे इचारतीन."

"मी येते," मोठी आई खोलीतून म्हणाली. "माया भावाकडे जाचंच होतं मले. सांग त्याईले, वैनीले माहेरी सोडून राहिलो."

उजाडायच्या सुमारास निघालो. कॅप्सूल देताना मांजरीने माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर लांब ओरखडा काढला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. अंगात ताकद नव्हती, पण नेम चुकला नाही. टोपली म्हणजे भाजीची प्लास्टिकची टोपली, वर दुसरी उलटी बांधलेली, आत माझा जुना टॉवेल. बडनेरा मागे पडलं तशी ती गप्प झाली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्धा वर आला होता. मी दर थोड्या वेळाने टोपलीच्या जाळीतून बोट घालून बघत होते.

"मेली नाही ती," पुढच्या सीटवरून मोठी आई म्हणाली. "तुले घाई असन तरी." थोड्या वेळाने म्हणाली, "खिडकी लाव. हवा तापून राहिली." मग ओला पंचा मागे माझ्याकडे फेकला. "टोपल्यावर टाक. तोंडावर नको टाकू, बाजूले टाक."

मूर्तिजापूरला पप्पांना चहा हवा होता. ती म्हणाली चहा तिकडे ढोसा. अकोल्यात शिरल्यावर भावाच्या घराच्या वळणाशी पप्पांनी गाडी हळू केली. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुन्हा गियर टाकला.

दवाखाना छोटा होता, पण आत थंड होतं. डॉक्टर आवाजासारख्याच निघाल्या. त्यांनी मला बसवलं आणि न विचारता सगळं सांगितलं. भूल लागली तरी डोळे उघडे राहतात. शेवटी एखादा मोठा श्वास येऊ शकतो, तो शरीराचा असतो, तिचा नसतो. टेबल ओलं होऊ शकतं. "थांबायचं असेल तर पूर्ण थांबा. मध्ये उठून जाऊ नका, मला दोघींकडे बघता येत नाही." मला त्या आवडल्या. गेल्या महिन्याभरात माझ्याशी गोड न बोललेल्या त्या दुसऱ्याच. पहिली मोठी आई.

आणि तेवढ्यात मोठ्या आईने पिशवीतून तांब्याचा छोटा गडू काढला. गंगेचा. तोंड कथलाने डागून बंद केलेला, बोटाएवढा. तो आमच्या देव्हाऱ्यात बसलेला मी लहानपणापासून बघत होते. काशीहून तिने तो स्वतःसाठी आणला होता, तिच्या शेवटच्या वेळेसाठी, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाकडून तिने वेळोवेळी पाठ करून घेतलं होतं.

"हे काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"गंगा आहे. तिच्या तोंडात घालन मी, जाताना."

"नाही. भूल दिल्यावर तोंडात काही घालायचं नाही. गिळता येत नाही. पाणी श्वासात जाईल, गुदमरेल."

"मरताना पाणी द्याचं नाही? असा कोनता कायदा आहे?"

"गुदमरवायचं असेल तर घरीच ठेवायची होती."

मी मध्ये पडले नाही. कुणाच्या बाजूने पडावं हेच मला कळत नव्हतं.

"आत्ता द्या," डॉक्टर म्हणाल्या. "भुलीच्या आधी. पण चमचा नको, बळजबरी नको."

त्यांनी स्टीलची वाटी टेबलावर ठेवली. मोठ्या आईने कथलाचा डाग दाभणाने फोडला, तेही पिशवीतच होतं, आणि अख्खा गडू वाटीत उपडा केला. मी टोपली उघडली. मांजर बाहेर आली, कॅप्सूलमुळे पाय फाकत, आणि आम्हा तिघींकडे दात दाखवले. मग तिला पाणी दिसलं. ती वाटीपाशी गेली, वास घेतला आणि प्यायला लागली. तसंच, जसं कूलरच्या टाकीतलं प्यायची. जिभेचा आवाज सोडला तर खोलीत काही आवाज नव्हता. वाटी कोरडी झाल्यावरही ती चाटत होती.

"सारी पेली भवानी," मोठी आई म्हणाली. तक्रारीच्याच सुरात. "थेंबाची गोष्ट होती." तिने रिकामा गडू पिशवीत टाकला. "मायासाठी दुसरा आणजा आता." आणि दाराशी जाऊन म्हणाली, "मी बाहेर बसते. मले नाही पाहाचं तुमचं काम."

पहिलं इंजेक्शन मागच्या मांडीत दिलं. ती फिस्कारली, डॉक्टरांच्या हातमोज्यावर झडप घातली, नेम बरोबर लागला. मला बरं वाटलं, खरं सांगते. मग ती टॉवेलवर गोल फिरली, बसली, डोकं खाली टेकलं. कुणी तिला पकडलेलं नव्हतं. डॉक्टर घड्याळाकडे न बघता खुर्चीवर बसून राहिल्या.

डोळे उघडेच होते. हिरवे, नेहमीसारखे चिडलेले. मला सांगून ठेवलेलं होतं, तरी मला मोठ्या आईचं बोलणं आठवलं. हात बांधलेले, तोंडातून आवाज निघत नाही, आणि डोक्याशी उभी असलेली बाई म्हणते, झोपल्या मावशी. डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं, पापणी हलली नाही. पंजाचं बोट दाबलं, पाय ओढला नाही. "लागली," त्या म्हणाल्या.

लागली म्हणजे काय? त्यांना ती आज पहिल्यांदा दिसली होती. मी मनात आधी म्हणून न ठेवलेलं एक वाक्य बोलले.

"थांबा. मी बघू?"

त्या बाजूला झाल्या. मी तिला हळूच उताणी केली आणि पोटावर हात ठेवला. अख्खा तळहात. तिथली लव इतकी मऊ असते हे मला माहीत नव्हतं, कारण इतका वेळ कुणाचाच हात तिथे टिकला नव्हता. माझा हात सवयीने ताठला होता, कुठल्याही क्षणी चारी पाय मिटतील म्हणून. मी वाट बघितली. बोटं हलवली. मुद्दाम, तिला ज्याचा सगळ्यात जास्त राग यायचा तशी, केसांच्या उलट्या दिशेने. तरी पाय पडल्या जागी पडून राहिले.

"हो," मी डॉक्टरांना म्हटलं. "लागली आहे."

त्यांनी पुढच्या पायावरचे केस काढले आणि दुसरं इंजेक्शन शिरेत दिलं. माझा हात पोटावरच होता. मोठा श्वास आला नाही. डॉक्टर नळी लावून ऐकत होत्या. त्यांनी ती कानातून काढली तेव्हा मला कळलं. तळहाताला त्याआधी काहीच कळलं नव्हतं.

बाहेर पप्पा कुणाशी तरी फोनवर बोलत होते, हो, वहिनीला सोडायला आलोय म्हणून. मोठी आई गाडीत बसली होती, दार उघडं, एक पाय बाहेर. मी टोपली मागच्या सीटवर ठेवली. तिने वळून बघितलं नाही.

"पोटाले हात लावला?" तिने विचारलं.

मी तिला हे सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनाही सांगितलेलं नव्हतं.

"लावला."

"मंग?"

"काही नाही केलं तिने."

अकोल्याचं ऊन आता भिंतींवरून खाली उतरायला लागलं होतं.

"मंग लागली होती," ती म्हणाली आणि पाय आत घेतला.

घरी आल्यावर मागच्या अंगणात लिंबाखाली खड्डा पप्पांनी खणला, मोठी आई खिडकीतून बघत होती. दुपारी कूलरसमोरच्या खाटेवर ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून झोपली. मागची अर्धी खाट रिकामी होती. मी दारात उभी होते. ती न वळताच म्हणाली, "हातावर हयद लाव. पिकन."

सकाळचा ओरखडा, मांजरीचा शेवटचा. मी त्याच्याकडे बघितलं. कडेला लाल झाला होता, आणि दवाखान्यातल्या सॅनिटायझरने अजून चुरचुरत होता.

"लावते," मी म्हटलं. लावली नाही.